मदत हवी आहे: पाडतो मीच, पण त्याच्या पायांपलीकडे जाताच येत नाही (जिऊ-जित्सू, गार्ड पास)

मातीतला गडी

नमस्कार राजेहो,

मी दर्यापूर तालुक्यातला. वय 26, वजन 78 किलो, कास्तकारी करतो. दहाव्या वर्षापासून गावच्या आखाड्यात आहे. नागपंचमीच्या दंगलीत नारळापासून पाचशेच्या नोटेपर्यंत कुस्त्या मारल्या आहेत. अगदीच कच्चा नाही, एवढंच सांगायचं.

गेल्या वर्षी गावातला एक दोस्त पुण्याची नोकरी सोडून परत आला. तिकडे तो ब्राझिलियन जिऊ-जित्सू खेळायचा, निळा पट्टा आहे. आता आम्ही पाच-सहा जण त्याच्याकडे शिकतो. गोठ्याला लागून टिनाचं शेड आहे. खाली सोयाबीनचं कुटार, त्यावर जुन्या गाद्या, वर ताडपत्री. कुटार ताडपत्रीतूनही टोचतं, पण पाठ शाबूत राहते.

अडचण अशी. दोस्त 62 किलोचा. त्याला मी दहातून नऊ वेळा पाडतो. पट काढतो, ढाक लावतो, काहीही चालतं. पण पाठीवर पडला की तो घाबरतच नाही, उलट खुश होतो! पाय कमरेला गुंडाळतो (हाच बंद गार्ड) आणि मी अडकतो. पाठीवरून पायांनी असं अडवणं म्हणजे गार्ड, ते पाय ओलांडून पलीकडे जाणं म्हणजे पास. कुस्तीत एवढ्यात निकाल लागून मी फेटा बांधून घरी गेलो असतो. इथे खरं भांडण तिथूनच सुरू होतं. मी जोर लावून आत घुसतो, तो माझं डोकं खाली ओढतो आणि दोन मिनिटांत माझी मान त्याच्या मांड्यांमध्ये. मांड्यांच्या या फासाला ट्रँगल म्हणतात, त्यानं गेल्या महिन्यात किती वेळा टॅप केलं (हातानं थोपटून हार मानली) ते मोजायचं सोडून दिलंय.

कधी पाय उघडलेच तर मी फार तर हाफ गार्डपर्यंत पोचतो. माझा एक पाय त्याच्या दोन पायांत अडकलेला, आणि मी वर बसून दमतोय.

व्हिडिओ पुष्कळ बघितले. एकेकात वीस-वीस पास दाखवतात, डोक्याचा भुगा होतो. मला दोनच सांगा, पण नीट सांगा. नागपूरला एका स्पर्धेत उतरायचा विचार आहे, त्यामुळे नियमांचंही कुणाला माहीत असेल तर सांगा. आम्ही गी (जाड कोट-पायजमा) घालून खेळतो.

जुना पट्टा

आधी एक विचारतो. त्याच्या बंद गार्डमध्ये असताना तुमचे हात कुठे असतात? पहिलवान मंडळींचा एक हात पायाखालून पट शोधत असतो आणि दुसरा छातीवर असतो. एक हात त्याच्या पायांच्या आत, एक हात बाहेर, हे ट्रँगलला दिलेलं आमंत्रण आहे. दोन्ही आत ठेवा किंवा दोन्ही बाहेर. एवढं पाळलंत तरी निम्मे टॅप वाचतील.

दुसरं म्हणजे कणा. कुस्तीत आपण वाकून, डोकं लावून लढतो. गार्डच्या आत तेच डोकं त्याच्या हातातला कासरा होतो. पाठ सरळ, नजर वर, कंबर पुढे.

बंद गार्ड बसून उघडायच्या भानगडीत पडू नका, उभे राहा. आधी त्याची एक बाही धरून त्याच्याच पोटावर दाबा. ज्या बाजूची बाही धरली त्याच बाजूचा पाय आधी उचला, म्हणजे त्याला तुमचा घोटा धरता येत नाही. मग दुसरा पाय. उभं राहून कंबर पुढे रेटली की त्याच्या पायांची गाठ ताणली जाते. मोकळ्या हातानं त्याचा गुडघा खाली ढकला, गाठ सुटते.

वऱ्हाडी भौ

भौ, तू उभा राह्यला आन् थो लटकूनच राह्यला तर त्याले उचलून आपटू नको बरं! पहिलवानाले थेच सुचते. मले बी सुचलं होतं. पयल्याच स्पर्धेत बाद झालो, घरी येऊन बायकोले सांगाची लाज वाटे. गार्डमधून उचलून आपटनं म्हंजे सरळ बाद.

जुना पट्टा

भौंचं बरोबर आहे. आंतरराष्ट्रीय फेडरेशनचे नियम बहुतेक ठिकाणी चालतात, त्यात आपटणं हा थेट बाद होण्याचा गुन्हा. बाही किंवा पायजम्याच्या तोंडात आतून बोटं घालून धरणंही चालत नाही, बाहेरून कापड मुठीत घ्या.

गुण असे: पाडलं की 2, गार्ड पास 3, माउंट (त्याच्या अंगावर स्वार होऊन बसणं) 4. पास झाल्यावर 3 सेकंद पकड टिकवावी लागते. हाफ गार्डला पास धरत नाहीत, तिथे थांबलात तर ते 3 गुण विसरा.

आता दोन पास. तुमच्यासाठी पहिला नी कट. समजा तुमचा उजवा गुडघा त्याच्या दोन पायांमध्ये आहे. तो त्याच्या उजव्या मांडीवरून तिरका कापत जमिनीकडे न्यायचा. पण गुडघा हलवायच्या आधी वरचं काम: तुमचा उजवा हात त्याच्या डाव्या काखेखालून, आणि डाव्या हातानं त्याची उजवी बाही वर खेचलेली. काखेखालची जागा त्यानं आधी घेतली तर तो सरळ तुमच्या पाठीवर येतो. घाई केलेल्या प्रत्येकाची गोष्ट इथेच संपते. हाफ गार्डमध्ये अडकता तेव्हाही बहुधा हेच चुकत असणार. पाय ओढून काढायचा प्रयत्न करता ना? पाय राहू द्या. खांदा त्याच्या जबड्यावर टाका, तोंड पलीकडे वळवा. ज्याचं तोंड फिरलं त्याची कंबर फिरत नाही. मग पाय आपोआप सैल पडतो.

मातीतला गडी

पाय ओढूनच काढतो. बायको विचारते गुडघ्याला काय झालं.

शंकरपटवाला

दुसरा पास मी सांगतो, तोरेआंदो. पोर्तुगीज शब्द आहे, बैलाशी खेळणाऱ्यावरून आलाय. आपल्याकडे मारक्या गोऱ्ह्यासमोर कोणी छाती काढून उभं राहतं का? बाजूला सरकतो आपण. तेच.

तो पाठीवर, पाय तुमच्याकडे. दोन्ही गुडघ्यांजवळचा पायजमा बाहेरून धरा. हात ताठ, पाय एका बाजूला फेका आणि तुम्ही दुसऱ्या बाजूनं झपकन फिरा. पाय फेकून नुसते पळू नका. खांदा त्याच्या कमरेवर पडेपर्यंत पायजमा सोडायचा नाही. सोडलात की तो कंबर काढून पुन्हा समोर येतो.

आणि तुमच्या मूळ दुखण्याबद्दल. 1951 साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा जुदोका मासाहिको किमुरा आणि हेलिओ ग्रेसी लढले. किमुरानं त्याला पुन्हा पुन्हा पाडलं, पण खालचं अंथरूण मऊ होतं, पडून काही होईना. शेवटी जमिनीवरच हाताच्या पकडीनं निकाल लागला. त्या पकडीला आज किमुराच म्हणतात. तेव्हा कुटारावर पाडून निकाल लागत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

मातीतला गडी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, सोंगणीत अडकलो होतो.

ट्रँगल जवळपास बंद झाला. हातांचं ऐकलं, बाकी काही नाही. उभं राहून गार्ड उघडणंही जमतं, फक्त ताडपत्रीवर घामानं पाय घसरतो, म्हणून आता वर जुनी सतरंजी टाकलीय.

नी कट चारातून एकदा लागतो. खांदा जबड्यावर टाकायचं कळलं तेव्हा दोस्त पहिल्यांदाच "अबे, थांब" म्हणाला. तोरेआंदो मात्र माझ्या वजनाला झेपत नाही, मी वळेपर्यंत तो वळलेला असतो.

नवीन त्रास: मी उभा राहिलो की तो पाठीवरूनच माझ्या पुढच्या पायाला बाहेरून आकडा घालतो आणि टाच धरतो. बैलाच्या पायात दावं अडकावं तसा उभा राहतो मी.

जुना पट्टा

त्याला दे ला रिवा गार्ड म्हणतात. म्हणजे बंद गार्डवर तुम्ही भारी पडायला लागलात म्हणून त्यानं दुकान बदललं. सध्या एकच करा, पुढचा पाय त्याला देऊच नका. दोन्ही पाय शेजारी-शेजारी, एका रेषेत ठेवून उभे राहा. तरी आकडा पडलाच तर आधी टाचेवरचा हात सोडवा, पाय झटकायचं नंतर.

वऱ्हाडी भौ

आन् थे सतरंजी शिवून घेजो, नाईतं आंगठा अडकते तिच्यात. माह्या अडकला होता.

मातीतला गडी

शिवून घेतो भौ. परवापासून कापसाची वेचणी आहे, रात्री आठनंतरच शेडमध्ये जाणं होईल. पाय एका रेषेत ठेवून बघतो आणि कळवतो.