मदत हवी आहे : जूनमध्ये ज्युनिअर केजी, हातात दोन महिने

प्रश्न
लेकीचा जन्म नोव्हेंबरचा. जूनच्या मध्याला शाळा सुरू होईल तेव्हा ती ३ वर्षे ७ महिन्यांची असेल. नर्सरी केलेली नाही, दिवसभर आजीजवळ असते. शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात फक्त मराठी. ए ते झेड आणि १ ते २० तोंडपाठ आहे, पण खडू मुठीत धरते, जेवण भरवावं लागतं, शूला जाताना चड्डी काढून द्यावी लागते. आतापासून लिहायला बसवू का? सुरुवात कुठून करू?

बालवर्ग_ताई
लिहायला अजिबात बसवू नका. पहिल्या महिन्यात मुलं अडतात ती डब्यावर आणि शूवर, अक्षरांवर नाही.

आधी डबा. शाळेचाच डबा आणि बाटली घेऊन तिला रोज सतरंजीवर बसवा. १५ मिनिटं, आणि आजींनी मदतीला हात लावायचा नाही. अर्धी पोळी, तूप-गूळ लावून गुंडाळलेली, दोन तुकडे करून. एवढं पुरे. झाकण बहुतेक वेळा एका साध्या कारणाने अडतं : हवाबंद डब्यात गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावलं की आतली वाफ निवते आणि झाकण आत ओढलं जातं. मोठ्यांनाही जोर लावावा लागतो, तिथे तिची बोटं काय करणार! पदार्थ निवल्यावरच झाकण लावा.

शूसाठी इलॅस्टिकची पँट. हुक, नाडी, बेल्ट काही नको. चड्डी गुडघ्यापर्यंतच उतरवायची, घोट्यापर्यंत सोडली की भिजते. वर घेताना मुलं फक्त पुढून ओढतात आणि मागे अडकते, म्हणून एक हात पुढे, एक मागे धरायला शिकवा. शाळेत कमोड आहे की बसायचा संडास, हे आत्ताच विचारून घ्या. घरी कमोडची सवय असलेली मुलं बसायच्या संडासावर घाबरतात आणि घरी येईपर्यंत दाबून धरतात. दप्तरात नाव लिहिलेल्या पिशवीत कपड्यांचा एक जोड आणि दोन चड्ड्या ठेवा.

पाटीपेन्सिल
ताईंशी सहमत. मुठीत खडू धरणं या वयात वावगं नाही. आधी बोटांत बळ यायला हवं. कणकेचा गोळा मळू द्या, मटार सोलू द्या, कपड्यांचे चिमटे दोरीला लावू द्या. बुटाच्या नाडीत मोठे मणी ओवायचे, जमलं की लहान मणी. गोल टोकाच्या कात्रीने आधी कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्यांचे तुकडे करायचे. एका घावात तुकडा पडतो, त्यामुळे मूल कंटाळत नाही.

मेणखडू अख्खा देऊ नका, मोडून ३-४ सेंमीचा तुकडा द्या. मुठीत मावायला जागाच नसते, तो आपोआप तीन बोटांत येतो. कागद भिंतीला चिकटवून उभ्याने रंगवू दिलं तर मनगटही वळतं.

रेघांनाही क्रम असतो. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन त्यानंतर, त्रिकोण पाचव्याला. तिरकी रेघ आली नसताना ए गिरवायला लावला की मूल हात आखडतं आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. डावा हात पुढे येत असेल तर येऊ द्या.

माय_मराठी
घरची भाषा बदलू नका. मराठीत भरपूर बोलणारं मूल दुसरी भाषा त्याच बळावर उचलतं. ‘टीचर, वॉशरूम’, ‘वॉटर प्लीज’, ‘ओपन प्लीज’ एवढंच खेळात आणा. पहिले काही आठवडे ती वर्गात गप्प राहील. ऐकणं चालू असतं, काळजी नको.

वयाचंही लक्षात घ्या. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ४ वर्षे पूर्ण होणारी मुलं ज्युनिअरला बसतात, म्हणजे तिच्या शेजारी जानेवारीत जन्मलेलं, १० महिन्यांनी मोठं मूल असेल. या वयात १० महिने फार असतात हो. कृपया तुलना करू नका.

सोडताना लपून निघून जाऊ नका, दुसऱ्या दिवशी ती हात सोडणार नाही. ‘बारा वाजता’ तिला कळत नाही. ‘डबा होईल, मग गाणी, मग आजी दारात’ हे कळतं. रोज हेच वाक्य म्हणा, एक मिठी, आणि वळा. पहिला आठवडा हसत जाऊन दुसऱ्यात रडणारी मुलं पुष्कळ, सोमवारी तर हमखास. महिना उलटूनही वर्गभर रडत असेल, डबा तसाच येत असेल किंवा कोरडी राहणारी पुन्हा भिजवू लागली, तर बाईंना लगेच भेटा.

झोपेची वेळ मेपासून दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. आजपासून डबा सतरंजीवर! एकच राहिलं : बूट दर वेळी उलटसुलट घालते.

बालवर्ग_ताई
पट्टी चिकटवायचे बूट घ्या, नाडीचे नकोत. एक गोल स्टिकर मधोमध कापा आणि दोन्ही बुटांत आतल्या कडेला एकेक अर्धा चिकटवा. बूट शेजारी ठेवल्यावर चित्र जुळलं की पाय घालायचा.