नववीच्या लेकीला टॅब की लॅपटॉप? तुमच्या घरात काय झालं ते सांगा

सुदामानगरची_आई
आम्ही इंदौरचे. लेक यंदा नववीत गेली, सीबीएसई, आणि घरात तीन पक्ष झालेत. बाबा म्हणतात लॅपटॉप. ती म्हणते टॅब, कारण वर्गातल्या दोघीतिघी स्क्रीनवर पेनाने नोट्स काढतात ते बघून आलीय. सासूबाई म्हणतात दोन्ही नको, डोळे जातील. बजेट ४० हजार, तेही ओढूनताणून. दुकानात गेलो तर ज्या डिस्प्लेसमोर उभं राहावं तेच सगळ्यात भारी असतं म्हणे. म्हणून जाहिरातीतलं नको, घेतल्यावर वर्षभराने काय झालं ते सांगा. ज्यांचं चुकलं त्यांनी आधी.

रामबागकर
मग मीच पहिला ताई. पोराला दहावीत टॅब घेऊन दिला, २६ हजारांचा. मग पेन वेगळं, कीबोर्डवालं कव्हर वेगळं, आणि ३८ पर्यंत गेलो तरी मनात आपलं हेच की लॅपटॉपपेक्षा स्वस्तात पडला. दहावी मस्त गेली, खोटं नाही बोलणार. अकरावीत त्याने कम्प्युटर सायन्स घेतलं आणि तिथे फसलो. त्यात पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा असते आणि बारावीत पायथनला मायएसक्यूएल, म्हणजे माहितीचे तक्ते सांभाळणारा डेटाबेस, जोडून प्रोग्रॅम लिहायचे असतात. पायथनचं ॲप टॅबवर चालतं, नाही असं नाही, पण कव्हरचं कनेक्शन महिन्याभरात हललं आणि पोरगा स्क्रीनवरच्या कीबोर्डने टाइप करायला लागला. अर्धी स्क्रीन कीबोर्डने खाल्लेली, वरच्या अर्ध्यात सात-आठ ओळी, पायथनमध्ये ओळ किती आत सरकवलीय त्यालाही अर्थ असतो, एक कोलन राहिला की एरर, आणि ती एरर नेमकी कीबोर्डच्या खाली. डेटाबेसचं तर टॅबवर जमेचना. शेवटी प्रॅक्टिकलच्या आधी रोज रात्री जेवून त्याला स्कूटरवर लोकमान्य नगरला भावाकडे सोडायचं, त्यांच्या जुन्या पीसीवर काम करायचा, ११ला आणायला जायचं. जानेवारीतली थंडी. मग लॅपटॉप घेतलाच. टॅबवर आता आमच्या सौ. मालिका बघतात.

जुनी_इंदौरवाली
नववीत सहावा विषय म्हणून आयटी घेतलंय का तिने? तो ४०२ कोडवाला. माझ्या मुलाचा होता, दहावीला त्यात लिब्रे ऑफिस नावाचं सॉफ्टवेअर येतं, त्यातलं लिहायचं रायटर, हिशेबाचं कॅल्क आणि बेस. बेस म्हणजे डेटाबेस. टॅबवर फाइल उघडून बघता येते पण पुस्तकात जसं दिलंय तसं करून बघायचं तर कम्प्युटरच लागतो. आधी विषय विचारा, मग दुकानात जा.

डॉक्टरीच्या_मागे
मी उलट सांगते. माझी मुलगी बायोवाली, नीटची तयारी करतेय. टॅब तिच्या हातातून सुटतच नाही. एनसीईआरटीची पुस्तकं फुकट पीडीएफमध्ये मिळतात, ती सगळी त्यात, आणि मार्जिनमध्ये पेनाने लिहिते. नेफ्रॉनची आकृती चार रंगांत काढते, चुकलं की फक्त तेवढंच पुसते. भंवरकुआंला क्लासला जाते, वजन अर्धा किलो, पाठीवर कळतही नाही. लॅपटॉप दीड-पावणेदोन किलो, वर चार्जरची वीट. आणि नीट २०२५ पर्यंत तरी कागदावरच झाली, ओएमआरचे गोळे काळे करायचे, त्यामुळे हाताने लिहायची सवय मोडत नाही हाही फायदाच.
एक चूक मात्र केली. कागदासारखा खरखरीत स्क्रीनगार्ड लावला, लिहायला छान वाटतं पण त्याने पेनाचं टोक चार महिन्यांत झिजवलं. आणि घेताना पेन टेकवून, तळहात स्क्रीनवर ठेवूनच लिहून बघा. स्वस्त टॅबमध्ये तळहाताच्याही रेघा उमटतात.

गणिताचा_बाप
नीटचं बरोबर, पण जेईई मेन कम्प्युटरवर असते. माऊसने ऑप्शन निवडायचा आणि आकड्यांचं उत्तर असेल तर स्क्रीनवरच्या कीपॅडवर माऊसने एकेक आकडा दाबायचा. आमचा चिरंजीव वर्षभर टॅबवर बोटाने टेस्ट देत होता, कॉटवर लोळून. पहिल्यांदा खऱ्या पीसीसमोर बसवलं तर मान वर मॉनिटरला, मान खाली रफ कागदाला, यातच वेळ गेला, आकडे चुकीचे उतरवून घेतले. गणित येत होतं हो, बसायचं येत नव्हतं. ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साइटवर मॉक टेस्ट फुकट आहेत, त्या टेबलावर बसून माऊसने द्यायला लावा. माऊस ३०० रुपयांचा.

छप्पनवरचा_भिया
कोणी साध्या पीसीचं नाव का काढत नाही? अंथरुणात नेता येत नाही हाच सगळ्यात मोठा फायदा 😄

आजोबा_राजेंद्रनगर
वरच्या भियाशी सहमत. आमच्या नातवाकडे टॅब होता तेव्हा तो गादीवर, गॅलरीत, जेवताना मांडीवर, एकदा तर बाथरूममध्येही सापडला, आणि विचारलं की अभ्यासच चाललेला असायचा, मी चश्मा शोधून जवळ जाईपर्यंत स्क्रीन बदललेली. आता लॅपटॉप हॉलमधल्या टेबलावर आहे, बसताना त्याची पाठ भिंतीकडे नाही, आमच्याकडे. गेम तो त्यावरही खेळतो. पण निदान दिसतो.

जेलरोड_रिटर्न
बजेटचं बोलायचं तर मी जेल रोडवरच्या दुकानातून सेकंडहँड लॅपटॉप घेतला, ऑफिसातून निघालेला, १९ हजार. दोनदा गेलो. पहिल्या दुकानात जवळजवळ घेतलाच होता, चकचकीत, सोबत बॅग फ्री. भाच्याने फोनवर विचारलं प्रोसेसर कितव्या जनरेशनचा, तर सहाव्या. तो म्हणाला ठेवा खाली मामा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा लागतो. दुकानदार म्हणे आम्ही ११ टाकूनच देतो. टाकतात हो, जुगाडाने, पुढे अपडेटचं काय होईल ते तुमच्या नशिबावर.
दुसरीकडे आठव्या जनरेशनवाला मिळाला. एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क आहे ना, रॅम ८ जीबी आहे ना, हे सेटिंगमध्ये उघडून बघितलं. चार्जर काढून दुकानातच अर्धा तास चालवला, मालक वैतागला, मी चहा मागवला. बॅटरी तरी वर्षात बसलीच, पण घरात कुठे न्यायचाय.

महूवाले_काका
कोणाची मुलं एमपी बोर्डात असतील तर एक लक्षात ठेवा, बारावीला ७५ टक्के किंवा वर मिळाले तर राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये खात्यात टाकतं. आमच्या पुतणीला मिळाले. म्हणून अकरावी-बारावी जुन्यावर काढली आणि कॉलेजसाठी नवा घेतला. सीबीएसईवाल्यांना नाही हे, सॉरी ताई.

रामबागकर
काका, हे आधी सांगायचं ना, माझाही सीबीएसईचाच पण जीव तरी तेव्हाच जळून गेला असता.

सुदामानगरची_आई
सगळ्यांचं वाचून दाखवलं घरात. आजोबांचं बाथरूमवालं वाचल्यावर लेक आतल्या खोलीत निघून गेली, त्यावरून काय ते समजले मी.
विषय विचारला, आयटी आहे. मग ठरलं. जेल रोडला तीन चकरा मारून आठव्या जनरेशनचा सेकंडहँड लॅपटॉप, साडेवीस हजार, चहा पाजून तासभर चालवून. आणि तिची पेनाची हौस राहू नये म्हणून अडीच हजारांचा पेन पॅड, तो बिनस्क्रीनचा असतो ना, लॅपटॉपला वायरने जोडायचा, लिहायचं खाली आणि उमटतं वर. बाकीचे एफडीत, अकरावीत काय घेते त्यावर बघू.
पेन पॅडचं कोणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहिते, पहिले दोन दिवस फार वैताग होतो. ती वहीसारखी हाताकडे बघायची आणि अक्षर राजवाड्यापासून एरोड्रमपर्यंत पसरायचं. रडायलाच आली. मग सासूबाई, डोळे जातीलवाल्या, पेन हातात घेऊन बसल्या, स्क्रीनकडे बघत हळूच 'श्री' काढला. सरळ आला. म्हणाल्या, स्वेटर विणताना मी कधी हाताकडे बघते का.