काचेला चिकटलेला जुना फोटो आणि त्यातला काळा दिसणारा घोडा

दादरकर
१९५२च्या सुमाराचा, पोस्टकार्ड आकाराचा कृष्णधवल फोटो. तीन वर्षांची आई, हातात सावंतवाडीचा लाकडी घोडा, शेजारी आजी. घोडा लाल होता असं आई ठामपणे सांगते. फोटोत तो जवळजवळ काळा आहे. फ्रेम उघडली तर एक कोपरा काचेला चिकटलेला. तो कसा सोडवायचा? ८ × १० इंची प्रत हवी आहे. रंगाचं काय समजायचं?

जिलेटिन
सोडवू नका! फोटोचा वरचा थर जिलेटिनचा. आपल्या पावसाळी हवेत तो फुगून मऊ होतो, काचेला टेकतो आणि सुकताना तिथेच घट्ट बसतो. सुरी किंवा हेअर ड्रायर लावलात तर चित्र कागद सोडून काचेवर राहील. पाण्यात भिजवा असंही कुणी सांगेल. बुरशी लागून गेलेलं जिलेटिन पाण्यात चक्क विरघळतं.

काचेसकटच स्कॅन करा. काच बाहेरून जेमतेम ओल्या फडक्याने पुसा. स्प्रे मारला तर पाणी कडेने आत शिरतं. स्कॅनर सीसीडीचा घ्या, म्हणजे आत लेन्स असलेला जाडसर. चपट्या सीआयएस स्कॅनरला २ मिलिमीटर काचेपलीकडचं धूसर दिसतं. या मापाला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरतं, डाग काढायचे तर १२००. स्कॅन रंगीत ठेवा, फाइल टिफ, म्हणजे दर्जा न घटवता साठवणारी. पिवळट डाग लाल चॅनलमध्ये (रंगीत फाइलचा फक्त लाल प्रकाशाचा भाग) बरेच फिके पडतात, निम्मं काम तिथेच होतं.

लाल दिवा
रंगासाठी आजींचं कुंकू बघा. ते काजळाइतकं काळं असेल तर फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तर ती लाल दिव्याखाली धुता यायची. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर कुंकू करडं येतं.

ऑर्थो निघाली तर आईंचं म्हणणं फोटोशी अगदी जुळतं. पण लाल आणि काळा नुसत्या छटेवरून वेगळे काढता येत नाहीत. घोड्याचे डोळे, लगाम काळ्या रेघांनी रंगवलेले असतील तर स्कॅन मोठा करून त्या रेघा शोधा. अंगापेक्षा गडद दिसल्या, तर अंग काळं नव्हतं. फोटो हाताने रंगवलेला असेल तर तो रंग पुरावा धरू नका, रंगवणाऱ्याने घोडा पाहिलेलाच नसायचा.

जिलेटिन
कुंकवाची खूण उत्तम.
दादरकर, मूळ फोटो काचेसह आम्लरहित कागदात आडवा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको. फ्रेममध्ये नवी प्रत लावा, काच आणि फोटो यांच्यात २ मिलिमीटरचा माउंट (कडेची पुठ्ठ्याची चौकट) घालून. कोपरा सोडवायचाच असेल तर मुंबईत फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून पाहा.