मुलीसाठी लॅपटॉप : वजन आणि रॅम आधी पाहा

मोहोळहून रोज एसटीने सोलापूरला अभियांत्रिकीच्या वर्गांना येणाऱ्या मुलीसाठी ४५ हजारांच्या आत लॅपटॉप हवा, असे आपण विचारले आहे. त्यावर सुचवलेला गेमिंग लॅपटॉप मला पटत नाही. त्याचे वजन साधारण सव्वादोन किलो भरते, शिवाय अर्धा किलोचा चार्जर, आणि बसमध्ये उभ्याने येणाऱ्या मुलीला हे ओझे चार वर्षे वाहायचे आहे. दीड किलोच्या आतले, १४ इंची, टाइप-सी चार्जिंगचे यंत्र पाहावे.

रॅमबाबत, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीबाबत, मात्र तडजोड करू नका. माझ्या लॅपटॉपची ८ जीबी रॅम मदरबोर्डलाच जोडलेली निघाली, वाढवायची सोय नाही. अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवण्याचे सॉफ्टवेअर) आणि ब्राउझर एकत्र उघडले की टाइप केलेली अक्षरेही थांबून थांबून उमटतात. म्हणून १६ जीबी घ्या, किंवा नंतर रॅम वाढवायला मोकळा स्लॉट असल्याची दुकानात खात्री करून घ्या.

बॅटरीचे तास जाहिरातीवरून ठरवू नयेत. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि सरासरी ८ वॉटचा वापर धरल्यास साधारण सहा तास मिळतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा लॅपटॉप उन्हात उभ्या गाडीत ठेवू देऊ नका, बॅटरी लवकर खराब होते.

नवीन बसत नसेल तर कार्यालयीन वापरातला जुना लॅपटॉप चालेल, पण इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा हवा. त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षा अपडेट) ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे.