मदत हवी आहे: सरकारी कार्यालय मामांची चित्रं घेतंय, पण तीन कोटेशनं मागतंय (बडोदा)

नमस्कार मंडळी,

मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. माझे मामा (वय ७६) चित्रकार. इथल्याच फाइन आर्ट्सला शिकले, आयुष्यभर शाळेत ड्रॉइंग शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी जलरंगात जुनं बडोदं काढत बसतात. मांडवी, न्यायमंदिर, तांबेकर वाडा, सूरसागर. दीडेकशे चित्रं पलंगपेटीत पडून होती. २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात खालचा थर भिजला आणि त्यातली बरीच गेली. उरलेली कुठेतरी चांगल्या भिंतीवर लागलेली बरी, असं आता त्यांनाही वाटतं.

अशात एका सरकारी कार्यालयाची (नाव लिहीत नाही) नवी इमारत झाली. स्थानिक कलाकारांची चित्रं लावायला त्यांना अनुदान मिळालंय. तिथल्या साहेबांनी प्रदर्शनात मामांचं काम पाहिलं आणि सहा चित्रं मागितली. चार तयार आहेत, दोन नवीन काढून द्यायची. इथवर सगळं गोड.

मग पत्र आलं. त्यात रकाने: मटेरियल, साइज, दर प्रति चौरस फूट, वॉरंटी किती वर्षं. खाली 'अन्य दोन पुरवठादारांची कोटेशनं सोबत जोडावीत'. म्हणजे मामांनीच आणखी दोन चित्रकारांकडून 'हेच चित्र आम्ही इतक्याला देऊ' असं लिहून आणायचं! फोन केला तर खरेदी विभागातला मुलगा अगदी आपुलकीने म्हणाला, "बेन, त्रण क्वोटेशन तो जोईए ज. खुरशीमां पण एम ज कर्युं." (ताई, तीन कोटेशनं तर लागतातच. खुर्च्यांनाही असंच केलं.)

शेजारचे काका म्हणतात, ओळखीच्या फ्रेमवाल्याच्या लेटरहेडवर जास्त रकमेची दोन कोटेशनं आणून लावा, सगळे तेच करतात. मामांना हे सांगितलं आणि मीच पस्तावले. "नंदलाल बसूंनी कीर्तिमंदिराच्या भिंती रंगवल्या तेव्हा कोणत्या फ्रेमवाल्याचं कोटेशन लावलं होतं?" म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तर जाणकारांनी सांगा, चित्राला तीन कोटेशनं खरंच लागतात का? नसतील तर त्या मुलाला कोणता नियम दाखवू? वाईट आहे असं नाही हो तो, त्याला फाइल सरळ हवी आहे, इतकंच. आणि पत्रात एक ओळ आहे, 'चित्रांचे सर्व हक्क कार्यालयाकडे राहतील', ती मला खटकतेय. जीएसटीचंही काही कळत नाही.

प्रतिसाद: निवृत्त हिशेबनीस

ताई, फ्रेमवाल्याच्या भानगडीत अजिबात पडू नका. ऑडिटवाले कागद शेजारी शेजारी ठेवतात. तिन्ही कोटेशनांचा टाइप एकच आणि तारीख एकच दिसली की आक्षेप निघतो, आणि सही मामांची असते.

कार्यालय केंद्राचं असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ मधला नियम १६६ दाखवा. एखादी वस्तू एकच जण बनवतो हे खात्याला माहीत असेल तर सिंगल टेंडरने, म्हणजे इतरांची कोटेशनं न मागवता थेट त्याच्याकडूनच, घेता येते. एकच जण बनवतो याचं प्रमाणपत्र खात्याने द्यायचं असतं, तुम्ही नाही. राज्याचं किंवा पालिकेचं असेल तर त्यांची नियमावली वेगळी, ती आधी विचारून घ्या.

पण खरं सांगू? हेच चित्रकार का, हा प्रश्न मग फाइलवर राहतोच. साहेबांना निवड समिती नेमायला सांगा, बाहेरचे दोन चित्रकार घेऊन. चित्रंही तिने निवडायची आणि किंमतही तिनेच ठरवायची. संसद भवनातल्या भित्तिचित्रांसाठी लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळणकर यांनी (जन्म बडोद्याचाच!) १९५१ मध्ये समितीच नेमली होती. आणि अनुदानाचा पैसा खर्च झाला नाही तर ३१ मार्चला परत जाणारा आहे का तेही विचारा. घाई बहुधा त्याचीच असते.

जीएसटी: हाताने काढलेल्या चित्रांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. मामांची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत आणि सगळी गुजरातेतच असेल तर नोंदणी लागत नाही. पॅन लिहून साधं बिल द्या.

प्रतिसाद: कोरा कागद

मी स्वतः चित्रकार आहे. ती हक्कांची ओळ आधी काढायला लावा. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. तुमची चार तयार चित्रं त्यात बसतात. मात्र पैसे देऊन मुद्दाम काढवून घेतलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे काढवून घेणाऱ्याचा होतो. म्हणजे त्या दोन नव्या चित्रांसाठी लेखी करार हवाच. नाहीतर पुढच्या वर्षी त्यांच्या कॅलेंडरवर मामांचा सूरसागर छापलेला दिसेल आणि काही बोलता येणार नाही.

आणि त्याच कायद्याचं कलम ५७ (कलाकाराचा आपल्या कृतीवरचा नैतिक हक्क) लक्षात असू द्या. अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये काढून गोदामात टाकलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते त्यांना परत द्यायला लावलं, वर ५ लाख भरपाई. चित्र विकल्यावरही त्याची हेळसांड झाली तर कलाकार बोलू शकतो, तो या निकालामुळे.

जाता जाता: जलरंग पश्चिमेच्या खिडकीसमोर लावू देऊ नका. उन्हाने रंग उडतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल जाऊन आले. नियम १६६ चा कागद बघून मुलाचा चेहरा उजळला, त्याने लगेच झेरॉक्स काढली. कार्यालय केंद्राचंच आहे. समितीला साहेब तयार आहेत, हक्कांची ओळ वकिलांकडे गेलीय.

चौरस फुटाचा रकाना तेवढा त्यांच्या छापील फॉर्मात आहे, तो भरावाच लागणार. मामांना विचारलं तर त्यांनी सूरसागराचं चित्र माझ्यापुढे धरलं. त्यात पाण्याच्या जागी रंग लावलेलाच नाही, कागद कोरा सोडलाय. म्हणाले, "पाण्याचे पैसे धरायचे की नाही, तेवढं त्या पोराला विचारून ये."