साडेचार की साडेपाच? गोव्यात छर्र्याची बंदूक निवडताना

नेमकर: छर्र्याची बंदूक (एअरगन) घेताना नळी ४.५ मिलिमीटरची असावी की ५.५ची, हा वाद परदेशी शिकाऱ्यांच्या लिखाणातून आपल्याकडे जसाच्या तसा आला आहे. डिचोली-सत्तरीकडची पोरेसुद्धा ‘डबे पाडायला साडेचार, सशाला साडेपाच’ हे पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. माझ्या मते गोव्यात हा प्रश्न छर्र्याच्या गुणावगुणांवर ठरतच नाही, कारण शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटरपेक्षा रुंद नळीच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जा देणाऱ्या हवाई बंदुकीला परवाना लागतो. शिकारीचे तर नावच नको. ससा, रानकोंबडा, हरियाल (हिरवे कबूतर) हे सगळे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत आणि त्या कायद्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच मानला जातो. तेव्हा डबे आणि कागदी लक्ष्ये यांपलीकडे ज्याला काही करायचे नाही, त्याने साडेचार घ्यावी आणि विषय संपवावा.

भाटातला: तुम्ही कायद्याचा आडोसा घेऊन तांत्रिक प्रश्न टाळला आहे. परवाना लागतो याचा अर्थ मनाई आहे असा होत नाही. ज्याच्याकडे खरे कारण आहे त्याने रीतसर अर्ज करावा. सुपारी आणि खोबरे साठवणाऱ्या घरात उंदीर-घुशी किती नासधूस करतात हे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखणाऱ्यालाच ठाऊक, आणि उंदीर काही संरक्षित प्राणी नव्हे. त्याच वन्यजीव कायद्याच्या जुन्या रूपात तो कावळ्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीतच होता. मारायचेच असेल तर जनावर तडफडत राहू नये एवढी माणुसकी हवी, आणि तिथे रुंद, जड छर्राच कामाचा. साडेपाचच्या छर्र्याचे छेदक्षेत्र साडेचारच्या दीडपट भरते, हे साधे गणित आहे.

नेमकर: उंदरांचा मुद्दा मान्य आहे, दीडपटीचे गणितही बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. बंदुकीतली हवा दाबणारी स्प्रिंग तीच असेल तर ऊर्जा साधारण तेवढीच राहते. ०.५३ ग्रॅमचा साडेचारचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा सुमारे १५ ज्यूल होते. तेवढ्याच ऊर्जेत ०.९३ ग्रॅमचा साडेपाचचा छर्रा जेमतेम १८० मीटरचा वेग गाठतो. वेग कमी म्हणजे छर्र्याची वाट अधिक वाकडी, आणि अंतराचा अंदाज पाच मीटरांनी चुकला तरी तो भलतीकडे लागतो. वेदना टाळायची तर छर्रा नेमका डोक्यात बसला पाहिजे, आणि कोठारातल्या आठ-दहा मीटरांवर ते काम साडेचार चोख करते. जड छर्रा वाऱ्याला कमी दबतो हे खरे. पण कोठारात वारा कुठला?

सांगेकर: दोघांचेही ऐकून वाटते की नळीच्या मापावर गरजेपेक्षा जास्त शाई सांडली आहे. साडेचारमध्येच छर्र्याची निवड अधिक फरक पाडते. चपट्या तोंडाचा छर्रा कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतो, म्हणून दहा मीटरच्या स्पर्धांत तोच चालतो. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तो प्रकार साडेचारचाच. पंचवीस-तीस मीटरांवरचे डबे पाडायचे असतील तर गोल डोक्याचा छर्रा घ्यावा, चपटा तोवर भरकटू लागतो. खोक्यावर छापलेल्या वेगाला तर मुळीच भुलू नये, कारण तो बहुधा अगदी हलक्या छर्र्यावर मोजलेला असतो. छर्रा ध्वनीच्या वेगाच्या आसपास गेला की त्याचा तोलही बिघडतो.

आणखी एक, जे तुम्ही दोघांनीही सोडले. आपल्याकडे कंपाउंडाची भिंत बहुतेक चिऱ्याची असते, आणि तिच्यावर डबे मांडून नेम धरायची पोरांना हौस. चिऱ्यावर आपटलेला छर्रा कुठे उसळेल याचा नेम नसतो. डब्यामागे रेतीची पोती रचावीत, डोळ्यांना चष्मा असावा, आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नये. पावसाळ्यात नळीला बाहेरून तेलाचा हलका हात द्यावा, मात्र दट्ट्याच्या कोठीत तेल ओतू नये. दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते आणि सील खराब होते.

भाटातला: पोत्यांची सूचना उत्तम आहे. तरीही माझे म्हणणे मी मागे घेत नाही. आज केळी आणि नारळ माकडे नेतात, भात रानडुकरे तुडवतात, आणि शेतकऱ्याने हात बांधून बसावे असा तुमचा सूर आहे.

नेमकर: माकडावर किंवा डुकरावर छर्रा झाडण्याचे समर्थन तर साडेपाचवालाही करू शकणार नाही. १५ ज्यूलने डुक्कर मरत नाही, ते जखम घेऊन रानात शिरते आणि तुमची केळी वाचत नाहीत ती नाहीतच. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये वेगळा सांगितला आहे. तो मागायचा की नुकसानभरपाई, यावर वेगळा धागा काढा, मी तिथे तुमच्या बाजूने लिहीन.