हिल्गेर्तोव्हाचं लंडनचं चौथं स्थान तिच्या दोन सुवर्णांहून मोठं: चर्चा

वल्हेकर

कनू स्लॅलम, म्हणजे खळाळत्या पाण्यावर टांगलेल्या खांबांच्या जोड्यांमधून (गेटांतून) नाव वल्हवत घड्याळाशी शर्यत. त्यात चेक खेळाडू श्ट्येपांका हिल्गेर्तोव्हाचं नाव निघालं की लोक अटलांटा 1996 आणि सिडनी 2000 ही दोन सुवर्णं सांगून थांबतात. जरा जाणकार असले तर 1999 आणि 2003 ची वैयक्तिक विश्वविजेतेपदं जोडतात. माझ्या मते तिची सगळ्यात अवघड कामगिरी या यादीत येतच नाही. लंडन 2012, महिला कायक (दोन पात्यांच्या वल्ह्याची नाव), चौथी, वय 44.

वयाचं कौतुक करायला हा धागा काढलेला नाही, ते वर्तमानपत्रांनी तेव्हाच पोटभर केलं. 1992 ते 2012 या सहा ऑलिम्पिकांत तिच्याभोवती खेळ कसा बदलत गेला ते बघा.

अटलांटाला खांबाला स्पर्श झाला की 5 सेकंद दंड होता, सिडनीला तो 2 सेकंदांवर आला. गेट चुकलं तर 50 सेकंद, हे दोन्हीकडे सारखंच. अटलांटाला दोन फेऱ्यांतली चांगली वेळ धरली, सिडनीला दोन्ही फेऱ्यांची बेरीज. अथेन्स आणि बीजिंगला उपांत्य आणि अंतिम फेरीची बेरीज. लंडनला फक्त अंतिम फेरी, आधीचं सगळं शून्य. आणि मध्येच, अथेन्सनंतर, नावेची किमान लांबी 4 मीटरवरून 3.50 मीटरवर आली.

5 सेकंदांच्या काळात घडलेला खेळाडू खांबापासून हातभर अंतर राखतो, कारण एका स्पर्शात शर्यत जाते. 2 सेकंदांच्या काळात डोकं खांबाला घासेल इतक्या जवळून जावं लागतं, नाहीतर 20-22 गेटांत मिळून तेवढीच सेकंदं नुसत्या वळशात जातात. एकाच माणसाने दोन्ही हिशेब अंगी बाणवून अंतिम फेरी गाठणं मला सुवर्णाहून जड वाटतं.

गेट नंबर 17

असहमत. नियम सगळ्यांसाठीच बदलले, तिच्या एकटीसाठी नाही.

लंडनच्या चौथ्या स्थानाचं वजन करायचं तर समोर कोण होतं तेही बघा. तिथे महिला कायकमध्ये एका देशाची एकच नाव होती. 2004 आणि 2008 ची विजेती एलेना कालिस्का लंडनला नव्हतीच, कारण स्लोव्हाकियाची एकमेव जागा याना दुकातोव्हाने घेतली. अटलांटाला एका देशाच्या एकाहून जास्त नावा उतरायच्या. फ्रान्सची दुसरी आणि अमेरिकेची दुसरी मुलगीसुद्धा पदकाच्या लायकीची असायची. त्या गर्दीतलं सुवर्ण आणि या विरळ यादीतलं चौथं स्थान एका तराजूत घालू नका.

सुमेधा क.

17, अटलांटाच्या गर्दीचा मुद्दा बरोबर. पण तिथलं सुवर्ण किती बारीक धाग्यावर होतं तेही लिहा की. हिल्गेर्तोव्हा 169.49 सेकंद आणि अमेरिकेची डेना ख्लादेक, जी जन्माने चेकोस्लोव्हाकियाचीच, तीही 169.49. शतांश सेकंदापर्यंत बरोबरी. निकाल लागला तो दुसऱ्या, म्हणजे न धरलेल्या फेरीवरून. ती ख्लादेकची फसली होती. मी सुवर्णाला कमी लेखत नाही, पण "सुवर्ण म्हणजे निर्विवाद" असं धरून चाललात तर ते सगळ्यात पहिल्यांदा अटलांटालाच लागू पडत नाही.

एका देशाची एकच नाव असेल तर चेक संघातली जागा मिळवणं हीच निम्मी शर्यत होते. त्या काळात तिच्या मागे कातेर्झिना कुद्येयोव्हा उभी होती, जी पुढे 2015 ला विश्वविजेती झाली. लंडनची यादी विरळ म्हणताना प्रागची निवडचाचणीही धरा.

गेट नंबर 17

बरोबरी झाली तर कोणती फेरी बघायची हा नियम आधीच ठरलेला होता. दोन फेऱ्या द्यायच्या होत्या, तिने दोन्ही नीट दिल्या. यात धागा बारीक कसला?

एडीवाला

तुम्ही सगळे पदकांवर भांडताय. वल्हेकरांनी नावेची लांबी एका वाक्यात उरकली, आणि तीच गोष्ट मुख्य आहे. जरा सविस्तर लिहितो.

लाल-पांढरं गेट प्रवाहाच्या उलट दिशेने पार करायचं असतं, आणि शर्यतीत अशी किमान सहा असतात. बहुतेक वेळा हे गेट अडथळ्यामागच्या उलट्या फिरणाऱ्या पाण्यात, म्हणजे एडीत, टांगलेलं असतं. मुख्य धार आणि एडी यांच्या सीमेवरून नाव आत घालायची, आतल्या खांबाभोवती वळायचं आणि पुन्हा धारेत बाहेर पडायचं.

4 मीटरच्या नावेत हे वळण बरंचसं वल्ह्यावर व्हायचं. पुढचं टोक लांब, ते आतल्या खांबाला लागू नये म्हणून प्रवेश थोडा खालून आणि रुंद घ्यायचा. आत गेल्यावर वल्ह्याचं पातं नावेच्या नाकाजवळ पाण्यात उभं धरून नाव त्याभोवती ओढायची. वेळ जास्त जायचा, पण नाव सपाट राहायची आणि लांब असल्यामुळे सरळ पाण्यात वेग चांगला धरायची.

3.50 मीटरच्या नावेचं मागचं टोक पातळ असतं, ते मुद्दाम बुडवायचं. वजन मागे, कंबरेतून नाव कलती, मागचं टोक पाण्याखाली गेलं की पुढचं वर उठतं आणि नाव जागच्या जागी फिरते. मागचं टोक पाण्याखाली असल्याने ते खांबाखालून जातं. खांबाचं खालचं टोक पाण्यापासून साधारण 20 सेंमी वर असतं, पण वर उठलेलं नाक तेवढ्यात मावलं नाही तर स्पर्श ठरलेला.

आता चूक कुठे होते ते. मागचं टोक फार खोल गेलं तर नाव जवळजवळ उभी राहते, वेग मरतो आणि पुन्हा सपाट होईपर्यंत एक-दोन वल्ही रिकामी जातात. कमी बुडलं तर वळण रुंद होतं, नाव एडीच्या बाहेर सरकते आणि धार तिला गेटच्या खाली घेऊन जाते. मग परत वर चढायला चार-पाच जोरकस वल्ही. बुडवण्याचा क्षण सीमारेषेच्या अर्धा मीटर अलीकडे आला तर धार मागच्या टोकावर चढते आणि नाव उलटते.

ज्यांनी 2005 नंतर शिकायला सुरुवात केली त्यांच्या अंगात हे आपोआप आहे. हिल्गेर्तोव्हा तेव्हा 37 वर्षांची होती. दोन ऑलिम्पिक सुवर्णं आणि दोन वैयक्तिक विश्वविजेतेपदं 4 मीटरच्या नावेत मिळवून झाली होती. शरीराला जी सवय लागली होती तीच नेमकी मोडायची होती. बीजिंगला ती नववी आली त्याकडे मी या नजरेने बघतो. लंडनला चौथी आली तेव्हा ते वळण तिचं झालं होतं.

वल्हेकर

हेच म्हणायचं होतं, मला इतकं नीट मांडता आलं नाही.

पाणकावळा

एडीवाले, तंत्राचं वर्णन झकास. निष्कर्ष पटला नाही. लहान नावेचा तोटा जुन्यांना झाला हे गृहीत का धरायचं? 4 मीटरची नाव फिरवायला ताकद जास्त लागायची, लहान नाव पाणी ओळखणाऱ्याला साथ देते. आणि पाणी ओळखणं वयाबरोबर वाढतं. या बदलामुळेच तिची कारकीर्द लांबली असंही म्हणता येईल.

आणखी एक. स्लॅलममध्ये त्या दिवशीच्या गेटांवर सराव करू देत नाहीत. गेटांची मांडणी लागली की काठावरून चालत बघायचं, वाट दाखवणाऱ्या नावा उतरतात त्या बघायच्या आणि डोक्यात ओळ, म्हणजे नावेची वाट, बसवायची. वीस वर्षांत कृत्रिम पाण्याचे नाना प्रकार बघितलेल्या बाईला इथे अठरा वर्षांच्या मुलीपेक्षा फायदाच आहे.

सुमेधा क.

ती अठरा वर्षांची मुलगी म्हणजे जेसिका फॉक्स ना? लंडनला ती 106.51 ने रौप्य घेऊन गेली. सुवर्ण एमिली फेर 105.90, कांस्य माइआलेन चोउराउट 106.87. गंमत म्हणजे जेसिकाची आई मिरियम फॉक्स-जेरूसाल्मी अटलांटाला कांस्यपदक घेऊन हिल्गेर्तोव्हाशेजारीच उभी होती. आईबरोबर पदक, सोळा वर्षांनी मुलीशी शर्यत.

पाणकावळा, "अनुभवाचा फायदा" हे अर्धंच खरं. पंपाने खेळवलेल्या कृत्रिम वाहिनीत लाटा स्थिर दिसतात पण श्वास घेतल्यासारख्या वरखाली होतात. काठावरून बघितलेली लाट आपण पोचतो तेव्हा तशीच असेल याची खात्री नसते. डोक्यात बसवलेली ओळ अर्ध्या सेकंदात मोडून नवी घ्यावी लागते, आणि तिथे अनुभवाबरोबर प्रतिक्रियेचा वेगही लागतो. लंडनच्या ली व्हॅलीची वाट 300 मीटर आणि उतार साडेपाच मीटरचा. विसावा घ्यायला जागा जवळजवळ नाहीच.

गेट नंबर 17

बरं, मग तुमच्याच कसोटीने चेक कायकपटू यिर्झी प्रस्कावेत्सला बसवून दाखवा. तो जन्मला 1993 ला, वरिष्ठ स्पर्धांत पहिल्या दिवसापासून लहान नाव, पहिल्या दिवसापासून 2 सेकंद. तिथे त्याला काहीच बदलावं लागलं नाही. तरी 2015 आणि 2019 चा विश्वविजेता, रिओला कांस्य, तोक्योला सुवर्ण, तेही 91.63 मध्ये. दुसरा याकुब ग्रिगार 94.85. तीन सेकंदांहून जास्त फरक! या खेळात जिथे पदकं शतांशांवर फिरतात तिथे हा फरक म्हणजे एक स्पर्श खिशात घालून निघाल्यासारखं आहे, आणि त्याचा एकही झाला नाही. "बदलाशी जुळवून घेतलं" ही कसोटी लावली तर हा माणूस कमी ठरतो. कसोटीच चुकीची आहे.

रिओलाही खरं तर तोच सगळ्यात वेगवान. जो क्लार्क 88.53, पेटर काउझर 88.70, प्रस्कावेत्स 88.99, आणि त्यात 2 सेकंदांचा एक स्पर्श. 86.99 ने पाणी कापलं होतं.

एडीवाला

ही वजाबाकी सगळेच करतात आणि ती फसवी आहे. स्पर्श आणि वेळ या सुट्या गोष्टी नाहीत. ज्या ओळीमुळे स्पर्श झाला तीच ओळ वेळ वाचवत होती. तोच खांब सुरक्षित अंतराने घेतला असता तर वळण रुंद, बाहेर पडताना धारेचा कोन वाईट, आणि पुढच्या गेटला उशीर. त्यामुळे 88.99 मधून पूर्ण 2.00 वजा करू नका. फरक मात्र 0.46 चाच होता. त्यामुळे सुरक्षित ओळीने तो जिंकला असता असं मलाही वाटतं. "86.99" हा आकडा मात्र कुठेही अस्तित्वात नाही.

तोक्योबद्दल पूर्ण सहमत. त्या फेरीत लाल गेटांमधून त्याचं बाहेर पडणं बघा. मागचं टोक बुडतं पण नाव कधी उभी राहत नाही. वळण संपायच्या आधीच पुढचं वल्हं धारेत असतं. बाकीचे वळतात आणि मग वेग घेतात, तो वळतानाच वेग घेतो.

पाणकावळा

आणि तोक्योला जायच्या आधी त्याला घरातच व्हीत प्रझिन्दिशला मागे टाकावं लागलं, जो 2022 ला विश्वविजेता झाला. त्याच्या आधी व्हावर्झिनेत्स ह्रादिलेक, लंडनचा रौप्यविजेता आणि 2013 चा विश्वविजेता. हे सगळे प्रागच्या त्रोयाच्या त्याच पाण्यात तयार झालेले. हिल्गेर्तोव्हाला मोठं म्हणताना या खेळाडूंना "आयतं मिळालं" असा सूर लावू नका, एवढंच.

वल्हेकर

आयतं मिळालं असं मी कुठेच म्हटलेलं नाही. प्रस्कावेत्सची तोक्योची फेरी ही एका शर्यतीतली सर्वोत्तम चेक फेरी असेल, मान्य. माझा मुद्दा एका कारकिर्दीतल्या कामगिऱ्यांची आपसात तुलना करण्याचा आहे. हिल्गेर्तोव्हाला हिल्गेर्तोव्हाशीच तोलतोय.

गेट नंबर 17

मग तिलाच तिच्याशी तोलू. सिडनी घ्या. दोन फेऱ्यांची बेरीज, म्हणजे एक फेरी फसली तर दुसरी वाचवत नाही. सिडनीजवळच्या पेनरिथचं पंपाचं पाणी, अटलांटाच्या ओकोई नदीहून वेगळं. दंड 5 वरून 2 वर आलेला, म्हणजे तुमचा लाडका "बदल" तिथेही होता. त्या सगळ्यात फ्रान्सच्या ब्रिजित गिबालला साडेचार सेकंदांहून जास्त फरकाने मागे टाकलं. वय 32, चार वर्षांपूर्वीचं सुवर्ण राखायचं दडपण. तुमच्या कसोटीवर सिडनी आणि लंडन दोन्ही बसतात. फरक इतकाच की सिडनीला ती जिंकली.

वल्हेकर

सिडनीला नाव तीच होती, 4 मीटरची. दंडाचा बदल डोक्याने स्वीकारता येतो, ओळ थोडी आत घ्यायची. नावेचा बदल कंबरेने शिकावा लागतो. माझा क्रम तोच: लंडन, मग सिडनी, मग अटलांटा.

गेट नंबर 17

माझा उलटा. सिडनी, अटलांटा, 2003 चं ऑग्सबुर्गचं विश्वविजेतेपद, आणि मग लंडन. ऑग्सबुर्गला वय 35 होतं, आणि ते कृत्रिम वाहिन्यांचं आद्य पाणी, 1972 च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेलं, भिंतींवरून उलटून येणाऱ्या लाटांचं. तिथे भल्याभल्यांचा हिशेब चुकतो. त्यावर कुणी लिहिणार असेल तर थांबतो.